शंकू आणि सूची: बाहेरून मोजून आतली उंची काढण्याची रीत

काही वर्षांपूर्वी फोंडा तालुक्यातील आमच्या घराशेजारी एक चौपाखी कौलारू छप्पर घातले, तेव्हा कौलांचा हिशोब मी स्वतः केला होता. वळचणीच्या कडेपाशी छप्पर सहा मीटर लांब आणि सहा मीटर रुंद होते. कोपऱ्यातून शिखरापर्यंत गेलेला वासा मी मोजला, त्याची लांबी हीच पाख्याची उंची असे धरले, चार त्रिकोणांचे क्षेत्रफळ काढले आणि त्या मापाने कौले मागवली. काम संपले तेव्हा मागवलेल्या कौलांपैकी जवळजवळ पाव भाग उरली होती. ती आजही विहिरीमागे शेवाळ धरून बसली आहेत. चूक सूत्रात नव्हती. चुकीची लांबी बरोबर सूत्रात घातली गेली होती, आणि टोकदार घनाकृतींच्या हिशोबात होणाऱ्या चुकांपैकी बहुतेक याच जातीच्या असतात. म्हणून या लेखात सूत्रांपेक्षा कोणती लांबी कोठे मोजावी आणि जी मोजता येत नाही ती कशी काढावी यावर अधिक भर दिला आहे.

एकाच टोकाकडे जाणाऱ्या तीन लांब्या

सपाट पाया आणि त्या पायाच्या बाहेर असलेला एक शिरोबिंदू एवढे दिले की आकृती ठरते. पाया बहुभुजाकृती असेल तर तिला शालेय पुस्तके पिरॅमिड म्हणतात; आपल्या जुन्या गणितग्रंथांत तिचे नाव ‘सूची’ म्हणजे सुई असे आहे, आणि ते नाव मला अधिक नेमके वाटते, कारण त्यात टोक आपोआप आले. पाया वर्तुळ असेल तर तो शंकू. पायाच्या बाजू चारच्या आठ, आठच्या सोळा अशा वाढवत नेल्या, तर सूची शंकूच्या इतकी जवळ जाते की मोजपट्टीला फरक कळत नाही. म्हणून पुढे जे नियम सूचीसाठी सांगितले आहेत ते थोड्या फरकाने शंकूलाही लागू पडतात.

शिरोबिंदू पायाच्या मध्यावर बरोबर उभा असलेल्या चौरस सूचीत टोकापासून खाली येणाऱ्या तीन वेगवेगळ्या लांब्या असतात. टोकापासून पायाच्या मध्यापर्यंत सरळ खाली येणारी ती लंब उंची. ही छपराच्या किंवा ढिगाच्या पोटात दडलेली असते. टोकापासून पायाच्या एखाद्या बाजूच्या मध्यापर्यंत पाख्यावरून उतरणारी ती तिरकस उंची. पावसाचे पाणी साधारणपणे याच दिशेने वाहते. टोकापासून पायाच्या कोपऱ्यापर्यंत जाणारी ती तिरकस कड. कोपऱ्याचा वासा हाच. या तिघींत लंब उंची सर्वांत लहान, तिरकस कड सर्वांत मोठी आणि तिरकस उंची मधली असते. शंकूला कोपरेच नसल्यामुळे तिरकस उंची आणि कड यांतला भेद तेथे उरत नाही, आणि शाळेत बहुतेक उदाहरणे शंकूची सोडवलेली असल्यामुळेच सूचीपाशी आल्यावर माणूस फसतो.

तिघींचे नाते पायथागोरसच्या सिद्धांताने जुळते, आणि त्यासाठी दोन काटकोन त्रिकोण कागदावर काढून ठेवावेत. पहिला त्रिकोण छपराच्या पोटात उभा आहे: त्याच्या दोन बाजू म्हणजे लंब उंची आणि पायाच्या बाजूचा अर्धा, आणि कर्ण म्हणजे तिरकस उंची. दुसरा त्रिकोण पाख्यावर पहुडलेला आहे: त्याच्या बाजू म्हणजे तिरकस उंची आणि पुन्हा पायाच्या बाजूचा अर्धा, आणि कर्ण म्हणजे तिरकस कड. हे दोन त्रिकोण ज्याच्या डोळ्यांसमोर आहेत त्याला सूत्र पाठ करण्याची फारशी गरज पडत नाही.

छपराचा हिशोब

वरच्याच छपराचे माप घेऊ. पायाची बाजू ६ मीटर, लंब उंची २ मीटर. पहिल्या त्रिकोणातून तिरकस उंचीचा वर्ग ३ चा वर्ग अधिक २ चा वर्ग, म्हणजे १३. तिरकस उंची ३.६०६ मीटर. दुसऱ्या त्रिकोणातून कडेचा वर्ग १३ अधिक ९, म्हणजे २२, कड ४.६९० मीटर. एका पाख्याचे क्षेत्रफळ ६ आणि ३.६०६ यांच्या गुणाकाराच्या निम्मे, म्हणजे १०.८२ चौरस मीटर, आणि चार पाख्यांचे मिळून ४३.२७ चौरस मीटर. तिरकस उंचीच्या जागी कड घातली, म्हणजे मी केले तेच केले, तर उत्तर ५६.२८ येते, हे सुमारे ३० टक्क्यांनी जास्त आहे.

प्रत्यक्ष काम करताना लंब उंची मोजण्यासाठी छपराच्या आतून शिखरापासून ओळंबा सोडावा आणि तो वळचणीच्या पातळीला जेथे येतो तेथपर्यंतचा दोरा मोजावा. आत माळा असल्यामुळे ओळंबा सोडता येत नसेल, तर कोपऱ्याचा वासा मोजून उलट्या वाटेने जावे: वाशाच्या लांबीच्या वर्गातून पायाच्या अर्ध्या बाजूचा वर्ग वजा केला की तिरकस उंचीचा वर्ग मिळतो. म्हणजे मी वासा मोजला यात गैर काहीच नव्हते. ती वजाबाकी करायची राहिली.

क्षेत्रफळ हाती आल्यावर कौलांची संख्या काढण्यासाठी दुकानातला ठरीव आकडा घेण्यापेक्षा अंगणात एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद चौकोन आखून, त्यात मंगळुरी कौले खाचा बसवून प्रत्यक्ष मांडून मोजावीत. कौलाचा काही भाग शेजारच्या कौलाखाली जातो आणि तो किती जातो हे साच्यावर अवलंबून असते. चारही कोपऱ्यांच्या रेषांवर कौले तिरकी कापावी लागतात आणि कापलेल्या तुकड्यांपैकी थोडेच दुसऱ्या बाजूला उपयोगी पडतात, म्हणून चौपाखी छपराला साध्या दुपाखी छपरापेक्षा नासधूस अधिक धरावी लागते. कोपऱ्यांच्या रेषांवर बसणाऱ्या कौलांचा हिशोब मात्र वेगळा करावा, आणि तेथे लांबी कडेचीच घ्यावी: चार वेळा ४.६९ मीटर.

आपल्याकडच्या पावसात वळचण आखूड ठेवून चालत नाही. समजा तोच उतार कायम ठेवून छप्पर चारी बाजूंनी ३० सेंटिमीटर पुढे काढले, तर पायाची बाजू ६ ची ६.६ मीटर होते, म्हणजे प्रत्येक लांबी १.१ पट होते. कोपऱ्याचा वासा ५.१६ मीटर लागतो, पण क्षेत्रफळ १.१ च्या वर्गाने, म्हणजे १.२१ पटीने वाढून ५२.३६ चौरस मीटर होते. फूटभर वळचणीने एकपंचमांशाहून अधिक कौले वाढतात हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पटत नाही, परंतु वाढ छपराच्या सर्वांत रुंद भागात होते हे लक्षात घेतले की नवल वाटत नाही.

तिसरा हिस्सा कोठून येतो

पृष्ठफळ झाले, आता घनफळ. पाया आणि उंची सारखीच असलेल्या सरळ उभ्या आकृतीच्या, म्हणजे चितीच्या, तिसरा हिस्सा घनफळ सूचीचे किंवा शंकूचे असते. हा तिसरा हिस्सा उघड दिसत नाही, आणि तो न दिसण्याची परंपरा मोठी आहे. आर्यभटांनी इ. स. ४९९ मधील आर्यभटीयात त्रिकोणी सूचीचे घनफळ पाया आणि उंची यांच्या गुणाकाराच्या निम्मे सांगितले आहे. त्रिकोणाच्या क्षेत्रफळात अर्धा येतो म्हणून येथेही अर्धाच येईल, असा तो विचार असावा. ब्रह्मगुप्तांनी इ. स. ६२८ मध्ये, समान खोलीच्या खड्ड्याच्या घनफळाला तिनाने भागले की सूचीचे घनफळ मिळते, असा बरोबर नियम दिला. आर्यभटांसारख्या थोर गणितीला ज्याने चकवले त्यात विद्यार्थी अडखळला तर त्याला बोल लावू नये. त्याच्या हातात जाड कागद द्यावा.

तीन सारख्या सूच्या जोडून घन कसा होतो हे पाहण्यासाठी पायाची बाजू १० सेंटिमीटर घ्यावी आणि शिरोबिंदू मध्यावर न ठेवता पायाच्या एका कोपऱ्याच्या बरोबर वर १० सेंटिमीटरवर ठेवावा. हिचे पाच तुकडे लागतात. एक चौरस १० सेंटिमीटरचा. दोन काटकोन त्रिकोण, ज्यांच्या काटकोनाच्या दोन्ही बाजू १० सेंटिमीटर आहेत. आणि आणखी दोन काटकोन त्रिकोण, ज्यांच्या काटकोनाच्या बाजू १० आणि १४.१४ सेंटिमीटर आहेत. शेवटच्या दोन त्रिकोणांचा कर्ण १७.३२ सेंटिमीटर येतो आणि तीच घनाच्या पोटातून आरपार जाणारी तिरकी रेषा होय. अशा तीन सूच्या करून त्यांच्या १७.३२ सेंटिमीटरच्या कडा एकत्र आणल्या, की त्या एकमेकींत बसून घन पुरा होतो. तिघी सारख्या असल्यामुळे प्रत्येकीचा वाटा एकतृतीयांश.

शिरोबिंदू कोपऱ्यावर असो की मध्यावर, उंची तीच राहिली तर घनफळ बदलत नाही. पत्त्यांचा जोड एका बाजूला सरकवून तिरका केला तरी पत्ते तेवढेच राहतात, तसेच हे आहे.

शंकूसाठी तांदळाचा प्रयोग पुरेसा होतो. त्रिज्या ५, उंची १२ आणि तिरकस उंची १३ सेंटिमीटर हा संच घ्यावा, कारण या तीन संख्या पायथागोरसच्या नियमात पूर्णांकात बसतात. त्याच त्रिज्येची आणि उंचीची वृत्तचिती ३१.४ सेंटिमीटर लांब आणि १२ सेंटिमीटर रुंद पट्टी वळवून करावी. शंकूत ३१४ मिलिलिटर तांदूळ मावतात, वृत्तचितीत ९४२. तीन वेळा काठोकाठ भरून ओतले की चिती भरते. शंकू हलवून, दाबून भरला तर हिशोब बिघडतो, एवढेच पथ्य.

रास, ढीग आणि डंप

मळणीनंतर खळ्यावर पडलेली भाताची रास, बांधकामापाशी ओतलेली रेती, मिठागरातला मिठाचा ढीग आणि खाणीवरचा डंप, म्हणजे टाकाऊ मातीचा ढीग, या सर्वांचा आकार सुटे कण घरंगळून आपोआप शंकूसारखा होतो. यांच्या पोटातली लंब उंची मोजण्यास आत शिरता येत नाही, आणि त्रिज्याही मोजता येत नाही, कारण मध्यबिंदू मालाखाली गाडलेला असतो. बाहेरून हाताला लागतो तो फक्त परिघ. आपल्या पूर्वजांनी ही अडचण ओळखून हिशोब परिघावरूनच मांडला होता. भास्कराचार्यांच्या इ. स. ११५० च्या ‘लीलावती’त राशिव्यवहार नावाचे प्रकरणच आहे, त्यात परिघाच्या सहाव्या भागाचा वर्ग करून त्याला उंचीने गुणावे, म्हणजे राशीचे घनफळ येते, असा नियम आहे.

हा नियम म्हणजे, परिघाला परिघाने गुणावे, उंचीने गुणावे आणि ३६ ने भागावे. यात पायचे (π, म्हणजे परिघ भागिले व्यास याचे) मूल्य ३ धरलेले आहे. खळ्यावर तोंडी हिशोब करणाऱ्यासाठी ती सोय होती, पाय ३.१४१६ धरले तर भाजक ३६ ऐवजी ३७.७ येतो, म्हणजे जुना नियम सुमारे पावणेपाच टक्के अधिक घनफळ दाखवतो. विकणाऱ्याला हे सोयीचे, घेणाऱ्याला नाही. आज गणनयंत्र खिशातच असते, म्हणून ३७.७ नेच भागावे.

पायऱ्या अशा. प्रथम ढिगाच्या पायथ्याला विखुरलेला माल फावड्याने आत ओढून कड स्पष्ट करावी. नंतर पायथ्याभोवती फीत फिरवून परिघ घ्यावा. सुंभाची दोरी ओढली की ताणते, म्हणून ती वापरू नये. परिघाचा वर्ग होत असल्यामुळे येथील दोन टक्क्यांची चूक उत्तरात चार टक्क्यांची होते, तेव्हा परिघ दोनदा मोजून सरासरी घ्यावी. मग उंची काढावी. त्यासाठी पायथ्यापासून शिखरावरून पलीकडच्या पायथ्यापर्यंत फीत टाकून तिचा अर्धा म्हणजे तिरकस उंची घेण्याची युक्ती अनेकांना सुचते. ती चुकीची नाही, पण पसरट ढिगावर दगा देते. उदाहरणार्थ, परिघ ९.४२ मीटर असेल तर त्रिज्या १.५ मीटर, तिरकस उंची १.८० मीटर मोजली तर लंब उंची ०.९९५ मीटर येते आणि घनफळ २.३४ घनमीटर. तीच तिरकस उंची फीत नीट न बसल्यामुळे १.८५ मीटर मोजली गेली, तर लंब उंची १.०८ मीटर येते. पाच सेंटिमीटरांच्या चुकीने घनफळ सुमारे नऊ टक्क्यांनी फुगले.

म्हणून उंची सरळ मोजणे बरे. शिखरावर एक लांब, सरळ बांबू आडवा टेकवून त्याचे दुसरे टोक ढिगाबाहेर हातात धरावे, गवंड्याच्या पाण्याच्या नळीने तो समपातळीत आणावा आणि त्या टोकापासून जमिनीपर्यंत ओळंबा सोडून मोजावे.

पण येथेही एक मेख आहे. पावसाने किंवा पायाखाली आल्याने ढिगाचे टोक बोथट झालेले असते. शंकूच्या वरच्या दहाव्या भागात घनफळाचा फक्त हजारावा हिस्सा असतो, कारण लांबी दहावा भाग झाली की घनफळ तिच्या घनाने कमी होते. म्हणजे टोक झिजल्याने माल जवळजवळ काहीच कमी होत नाही. परंतु झिजलेली उंची सूत्रात घातली तर उत्तर पुरे दहा टक्क्यांनी कमी पडते. असा ढीग असेल तर शिखर विसरावे आणि उतार मोजावा: पायथ्यापासून आडवे एक मीटर आत गेल्यावर पृष्ठ किती वर चढते ते तीन-चार ठिकाणी पाहावे, सरासरी काढावी आणि तिला त्रिज्येने गुणावे. मिळते ती अखंड टोकाची उंची, आणि तीच हिशोबात घ्यावी.

लीलावतीत उंची न मोजण्याचीही तोड आहे. जाड धान्याच्या राशीची उंची परिघाच्या दहाव्या भागाइतकी, बारीक धान्याची अकराव्या आणि कुसे असलेल्या धान्याची नवव्या भागाइतकी धरावी असे तेथे म्हटले आहे. या नियमांतून उताराचे कोन अनुक्रमे सुमारे ३२, ३० आणि ३५ अंश निघतात. कण जितके खरबरीत आणि एकमेकांत अडकणारे, तितका ढीग उभा राहतो, हेच या भागांतून सांगितले आहे. कुसाच्या भाताची ६.३ मीटर परिघाची रास घेतली, तर उंची ०.७० मीटर आणि घनफळ ०.७४ घनमीटर येते. वजन हवे असेल तर पुस्तकी घनतेवर विसंबू नये. त्याच राशीतले भात वीस लिटरच्या बालदीत न दाबता भरून तोलावे आणि त्या वजनाला ३७ ने गुणावे, कारण ०.७४ घनमीटर म्हणजे अशा ३७ बालद्या.

ट्रकवाला रेती बहुधा कंपाउंडच्या भिंतीला लागूनच ओततो, आणि तेव्हा शंकू अर्धाच असतो. भिंतीच्या आतल्या कोपऱ्यात ओतली तर पाव, आणि घराच्या बाहेरच्या कोपऱ्याला वळसा घालून पसरली तर पाऊण. भास्कराचार्यांनी हे तिन्ही प्रकार दिले आहेत: दिसणाऱ्या परिघाला अनुक्रमे २ ने, ४ ने किंवा १ पूर्णांक १/३ ने गुणून पुरा परिघ करावा, पूर्ण राशीचे घनफळ काढावे आणि ज्या संख्येने गुणले तिनेच भागावे. भिंतीलगत दिसणारी कमान ४.७१ मीटर आणि उंची ०.९९५ मीटर असेल तर पुरा परिघ ९.४२ होतो, पुरे घनफळ २.३४ आणि प्रत्यक्ष रेती १.१७ घनमीटर. भिंतीलगतची लांबी परिघात धरायची नाही, फक्त वाकडी कमान मोजायची.

ट्रक पुढे सरकत ओतत गेला तर ढीग लांबट होतो. त्याच्या दोन्ही टोकांचे अर्धे शंकू मिळून एक शंकू धरावा. मधल्या भागासाठी पायथ्याच्या रुंदीचा अर्धा, उंची आणि वरच्या सरळ माथ्याची लांबी यांचा गुणाकार करावा आणि दोन्हींची बेरीज घ्यावी.

डोके छाटलेली आकृती

टोक पायाला समांतर कापून काढले की उरतो तो शंकुछेद किंवा सूचीछेद. बालदी, तुळशीवृंदावनाचा मधला भाग, वर निमुळता होत जाणाऱ्या दीपस्तंभाचा एकेक मजला ही त्याची रोजची उदाहरणे. येथे लोक वरचे आणि खालचे क्षेत्रफळ यांची सरासरी काढून उंचीने गुणतात, आणि उत्तर नेहमी जास्त येते. वरची त्रिज्या १५, खालची १० आणि उंची २७ सेंटिमीटर असलेल्या बालदीत सरासरी क्षेत्रफळाने १३.७८ लिटर दिसतात, सरासरी त्रिज्येने १३.२५, आणि खरे घनफळ १३.४३ लिटर आहे. ते काढण्यासाठी दोन्ही त्रिज्यांचे वर्ग आणि त्यांचा परस्पर गुणाकार अशी बेरीज (२२५ + १०० + १५०) करून तिला पायने आणि उंचीने गुणावे आणि ३ ने भागावे. चौरस पायासाठी हाच नियम पाय वगळून चालतो. इ. स. पू. सुमारे १८५० च्या, आज मॉस्कोत असलेल्या इजिप्शियन पपायरसात खालची बाजू ४, वरची २ आणि उंची ६ असलेल्या अशाच आकृतीचे घनफळ ५६ बरोबर काढलेले आहे.

खाली निमुळती होत जाणाऱ्या तळीसाठी किंवा आयताकृती खड्ड्यासाठी लीलावतीतली रीत मला सर्वांत हाताळण्याजोगी वाटते, कारण तिला टोक कोठे मिळेल याची फिकीर नाही. तोंडाचे क्षेत्रफळ, तळाचे क्षेत्रफळ, आणि दोन्ही लांब्यांची बेरीज गुणिले दोन्ही रुंद्यांची बेरीज, अशा तीन संख्या मिळवून ६ ने भागाव्यात आणि खोलीने गुणावे. ग्रंथातल्या वापीचे, म्हणजे विहिरीचे, तोंड १२ आणि १० हात, तळ ६ आणि ५ हात, खोली ७ हात आहे: १२० अधिक ३० अधिक २७० म्हणजे ४२०, सहाने भागून ७०, सातने गुणून ४९० घनहात. आपल्याकडच्या देवळांच्या तळ्यांना चिऱ्यांच्या पायऱ्या असतात, तेव्हा तोंडाचे माप पायऱ्यांच्या बाहेरच्या कडेवर न घेता उताराच्या सरासरी रेषेवर घ्यावे.

कागद कापताना

शंकू उलगडला की वर्तुळाचा तुकडा, म्हणजे वर्तुळपाकळी मिळते. तिची त्रिज्या शंकूची तिरकस उंची असते, लंब उंची नव्हे. आणि तिचा कोन म्हणजे ३६० अंशांना पायाच्या त्रिज्येने गुणून तिरकस उंचीने भागलेली संख्या. वर सांगितलेल्या ५-१२-१३ च्या शंकूला १३ सेंटिमीटर त्रिज्येची १३८.५ अंशांची पाकळी लागते. चिकटवण्यासाठी एका सरळ कडेला बोटभर पट्टी जास्त ठेवावी. अर्धवर्तुळ कापले तर पायाचा व्यास तिरकस उंचीइतका होतो. जत्रेत चण्यांची पुडी वळतात तिचा कागद साधारण पाव वर्तुळाचा धरला, तर २० सेंटिमीटर त्रिज्येतून अर्ध्या लिटरची पुडी होते. ती अर्ध्या उंचीपर्यंत भरली तर चणे मात्र आठवा हिस्साच येतात.

सूचीच्या तिन्ही लांब्यांची एकत्र परीक्षा घेणारी वस्तू म्हणजे नाताळात घराघरांवर लागणारा कामट्यांचा तारा. पाच सारख्या कामट्या टोकाला टोक बांधून एकेक सपाट तारा करावा. असे दोन तारे एकमेकांवर ठेवून पाची टोके बांधावीत आणि आतल्या पाच छेदांवर दोन ताऱ्यांच्या मध्ये आखूड काड्या उभ्या टेकवाव्यात. मध्ये पंचकोनी पेटी तयार होते आणि प्रत्येक शाखा ही आयताकृती पायाची सूची होते. कामटी ६० सेंटिमीटरची असेल तर छेदांमुळे तिचे तीन भाग पडतात: टोकाचे २२.९२, मधला १४.१६ आणि पुन्हा २२.९२ सेंटिमीटर. उभी काडी १२ सेंटिमीटरची घेतली तर शाखेचा पाया १४.१६ गुणिले १२ असा आयत होतो आणि टोकाकडे जाणाऱ्या चारही कडा २२.९२ सेंटिमीटरच्या असतात.

येथे कड बाहेर दिसते, म्हणून माप तिच्यापासून सुरू होते. पुढच्या आणि मागच्या त्रिकोणाची तिरकस उंची म्हणजे २२.९२ च्या वर्गातून ७.०८ चा वर्ग वजा करून वर्गमूळ, २१.८० सेंटिमीटर; बाजूच्या अरुंद त्रिकोणाची ६ चा वर्ग वजा करून २२.१२ सेंटिमीटर. एकाच सूचीच्या दोन पाख्यांच्या तिरकस उंच्या वेगळ्या असतात हे चौरस पायात कधी दिसत नाही, येथे दिसते. पंचकोनी पेटीपासून टोकापर्यंतची लंब उंची २०.९६ सेंटिमीटर आहे, पण कागद कापताना तिचे काही काम नाही. रुंद त्रिकोण दहा आणि अरुंद त्रिकोण दहा लागतात, शिवाय १४.१६ सेंटिमीटर बाजूचे दोन पंचकोन. प्रत्येक तुकड्याला सर्व बाजूंनी एक सेंटिमीटर दुमड ठेवून एकूण अर्ध्या चौरस मीटरच्या आसपास कागद पुरतो. कामट्या थोड्या वाकतात, तेव्हा सर्व त्रिकोण एकदम कापू नयेत. एक शाखा आधी डकवून पाहावी आणि नंतर बाकीच्या चार कापाव्यात. मागचा पंचकोन अगदी शेवटी, आत दिवा आणि वायर सोडून झाल्यावरच चिकटवावा.